कुठलं इंजेक्शन, ते आधी विचारा

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. तपासण्यांमध्ये र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. सकाळी तासभर मूठ वळत नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की खडू सुटून पडतो. मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या चालू आहेत, पण घेतल्यावर दोन दिवस मळमळतं, म्हणून खरं सांगायचं तर मधले काही आठवडे मी त्या चुकवते. आता डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन सुरू करू. घरी सगळे घाबरलेत. सासूबाईंना वाटतं, इंजेक्शन लागलं म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं. माझ्या एका मैत्रिणीने गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं, तीन महिन्यांत पुन्हा तेच. ‘एकदा सुरू केलं की जन्मभर सुटत नाही’ असंही ऐकते. मिस्टर म्हणतात, थोडं सहन कर, वयाप्रमाणे होतंच. घ्यावं का इंजेक्शन? आणि बोटंच वळत नाहीत तर मी स्वतःला सुई टोचणार कशी?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. डॉक्टरांसमोर बसलं की आपण ‘फार दुखतं हो’ एवढंच सांगतो. दुखणं दाखवता येत नाही, तास मात्र मोजता येतो. हात अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात, दोन्ही हातांना सारखाच त्रास असतो, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर सूज असते, तेव्हा सांध्याच्या आत दाह चालू आहे असं धरायचं. वयाने झिजणाऱ्या सांध्यांचं तसं नसतं. तिथे बहुधा नखाजवळची पेरं जाड होतात, सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात सुटतो आणि काम केल्यावर दुखणं वाढतं.

तेव्हा मिस्टरांना सांगा, हे वयाचं दुखणं नाही. जंतूंशी लढायला शरीरात जी यंत्रणा आहे, तीच चुकून सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. सहन केल्याने फार तर दुखण्याची सवय होईल. कुरतडणं आपल्या सहनशक्तीची वाट बघत नाही.

हे मी माझ्याच हाताकडे बघून लिहिते आहे. मला हा आजार होऊन सतरा वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं करंगळीच्या बाजूला कललेली आहेत, ती आता सरळ होणार नाहीत. सुरुवातीला माझ्या मनगटाच्या सांध्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. चार दिवसांत सूज उतरली. दोन महिने मनगट असं हलकं होतं की मला वाटलं, झालं, बरी झाले मी. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या मी आपल्या मनानेच बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. मनगट गप्प होतं, पण आजार बोटांच्या मुळाशी आपलं काम करत राहिला. वर्षभराने एक्स-रे काढला तेव्हा हाडांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या. दुखणं शांत होणं आणि आजार शांत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी आज तेवढंच समजावून सांगणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातून निघतात.

‘इंजेक्शन’ हा एकच शब्द या आजारात निदान तीन निरनिराळ्या औषधांसाठी वापरला जातो. घरात जी भीती पसरली आहे ती या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे. मैत्रिणीने गुडघ्यात घेतलं ते बहुतेक स्टिरॉइड असणार. तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा तुमचंच मेथोट्रेक्झेट आहे, फक्त गोळीऐवजी सुईने. आणि ‘जन्मभर सुटत नाही’ असं लोक ज्याच्याबद्दल बोलतात ती बायोलॉजिक औषधं, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, दाहाचा एखादा दुवा नेमका अडवणारी. म्हणून पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा : कुठलं इंजेक्शन?

मेथोट्रेक्झेट असेल तर अजिबात घाबरू नका. औषध तेच आहे, तुमच्या ओळखीचं. गोळी पोटातून जाते, तिथे तिचा त्रास होतो. शिवाय आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या वर डोस गेला की गोळीतून शरीरात पोचणारं औषध त्या प्रमाणात वाढत नाही. सुईने ते त्वचेखाली दिलं की पूर्ण डोस पोचतो आणि बऱ्याच जणांची मळमळ कमी होते. सगळ्यांची अगदी जाते असं नाही, पण ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी हा नेहमीचा मार्ग आहे. त्यात ‘शेवटचा टप्पा’ वगैरे काही नसतं. सासूबाईंना हे असं सांगा : औषध बदललेलं नाही, त्याचा रस्ता बदलला आहे. आणि ते बोटात टोचत नाहीत. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, बारीक सुईने देतात.

इथेच एक गोष्ट तुमच्याकडून मला हवी आहे. गोळ्या चुकवल्याचं तुम्ही मला लिहिलंत, डॉक्टरांना सांगितलं आहे का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. कृपा करून सांगा. रागावतील म्हणून आपण लपवतो, मीही लपवलं होतं. पण त्यांना वाटत असेल की तुम्ही पूर्ण डोस दर आठवड्याला घेता आहात आणि तरी सूज आहे, तर त्यांच्या हिशोबाने ते औषध वाया गेलेलं असेल आणि ते पुढच्या, जास्त जड औषधाकडे वळतील. प्रत्यक्षात त्या औषधाला पुरती संधीच मिळालेली नाही. ‘मळमळीमुळे महिन्यातून एखाददोनदा चुकतं’ या एका वाक्याने उपचाराची सगळी दिशा बदलू शकते. मेथोट्रेक्झेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेही सलग घेतलं तर.

या औषधाचे नियम मात्र कडक आहेत आणि ते पाळायचेच. ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच घ्यायचं. रोज घेतलं गेल्यामुळे माणसं दगावली आहेत, म्हणून घरातल्या सगळ्यांना तो वार माहीत असू द्या. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी. दारू जवळजवळ नाहीच. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी बोला, कारण त्या काळात हे औषध चालत नाही. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला, तर पुढचा डोस न घेता फोन करा. आणि लघवीच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्झेट चालू आहे हे आठवणीने सांगा. ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक्स याच्याबरोबर घेणं धोक्याचं असतं. ‘कॅन्सरचं औषध’ म्हणून कुणी घाबरवलं तर म्हणावं, हो, तिथेही वापरतात, पण तिथले डोस याच्या कितीतरी पट असतात. आपल्याला हे औषध लहान डोसात, दाह आवरायला दिलेलं आहे.

आता स्टिरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी याच आजाराने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. तेव्हा जगाला वाटलं की इलाज सापडला, पण पुढे मोठ्या डोसांचे दुष्परिणाम दिसले आणि उत्साह ओसरला. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडवर माझा राग नाही, त्याची जागा तेवढी ओळखावी. एकदोन सांधेच फार भडकलेले असतील, किंवा मुख्य औषध लागू पडेपर्यंत मधले आठवडे काढायचे असतील, तर ते फार उपयोगी आहे. मनगटातली सूज नसेवर दाबून रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तरीही. त्याचा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. मैत्रिणीचा तीन महिन्यांत संपला, म्हणजे ते इंजेक्शन फसलं असं नाही. त्याचा पल्लाच तेवढा. एकाच सांध्यात वर्षातून तीनचारदा, याहून जास्त सहसा देत नाहीत. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, हे आधीच माहीत असावं. टोचल्यावर एकदोन दिवस सांधा उलट जास्त ठणकू शकतो, त्याने घाबरू नका, हाताला विश्रांती द्या. पण दोन दिवसांनंतर तो सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

तिसरी जात बायोलॉजिक्सची. मेथोट्रेक्झेट पूर्ण डोसात, न चुकवता घेऊनही आजार आवरला नाही, तर ही येतात. दाह पेटवणारा एक निरोप्या शरीरात असतो, टीएनएफ. तो अडवला तर सांधे शांत होतात, हे लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी दाखवलं. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना हे औषध दिलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आली, मग अडालिमुमॅब. कुठलं आठवड्याला, कुठलं पंधरा दिवसांनी घरी घ्यायचं, कुठलं दवाखान्यात सलाईनमधून. टीएनएफला हात न लावता दुसऱ्या वाटेने काम करणारीही आहेत, रिटक्सिमॅब किंवा टोसिलिझुमॅब. म्हणजे एकाने गुण नाही आला तर दार बंद होत नाही.

ही सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, आणि ती का करतात ते समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात निजलेले असतात. शरीराने त्यांच्याभोवती पेशींची भिंत घातलेली असते आणि ती भिंत टिकवायला हाच टीएनएफ लागतो. तो अडवला की भिंत ढासळून क्षय जागा होऊ शकतो. तपासणीत निजलेला क्षय सापडला तर आधी त्याचं औषध देतात, मग बायोलॉजिक. कावीळ ‘बी’ची तपासणीही याच कारणाने. राहिलेल्या लसीही शक्यतो आधी उरकतात, कारण जिवंत जंतूंच्या लसी नंतर चालत नाहीत. आणि एकदा सुरू झाल्यावर ताप, खोकला, पिकलेली जखम असं काही असताना डोस पुढे ढकलायचा का, हे फोन करून विचारल्याशिवाय सुई उचलायची नाही.

‘जन्मभर सुटत नाही’ याचं खरं उत्तर असं की या औषधांची सवय लागत नाही, पण आजारच लांबचा आहे. औषध अचानक थांबवलं की तो बहुतेकदा परततो, आणि लोक त्याचा दोष औषधाला देतात. आजार बराच काळ पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर डोस कमी करतात, दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवतात. माझं अंतर मागच्या दोन वर्षांत वाढलं आहे. ते त्यांनी तपासून वाढवलं, यावेळी मी मनाने नाही.

आता सुई. पहिल्यांदा मला जे पेन मिळालं, म्हणजे औषध आणि सुई आतच असलेली पेनासारखी नळी, त्याचं बटण अंगठ्याने दाबायचं होतं, आणि माझा अंगठाच नेमका दाबायला तयार नव्हता. मी ते मांडीवर धरून बसले, हात कापत होता. नर्सने शांतपणे पेन माझ्या मुठीत सुरीसारखं उभं धरायला लावलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा वरून दाबायला सांगितला. टक् असा आवाज आला. मी दहापर्यंत मोजलं. पेनच्या छोट्या खिडकीतला पिवळा ठिपका पूर्ण भरला, आणि संपलं. सगळ्यात जास्त त्रास खरं म्हणजे टोपण काढताना झाला होता. तेव्हा तुम्ही आधीच सांगा की माझी पकड कमजोर आहे. बटण नसलेली, नुसती कातडीवर टेकवून दाबली की चालणारी पेनं मिळतात. भरलेली साधी सिरिंजही असते, ती घरातलं दुसरं कुणी देऊ शकतं. बायोलॉजिक फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, पण गोठवायचं नाही. आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं. थंडगार औषध जास्त चुरचुरतं. गरम पाण्यात बुडवून घाई करायची नाही. पोटावर घेत असाल तर बेंबीपासून दोन इंच तरी लांब, दर वेळी जागा बदलून. तिथे थोडी लाली, खाज दोनतीन दिवस येते. वापरलेली सुई जाड, झाकणाच्या डब्यात.

मिस्टरांना पहिल्या वेळी बरोबर न्या. ते वाईट बोलत नाहीत, त्यांना दिसत नाही एवढंच. या आजारात माणूस चारचौघांत धडधाकट दिसतो. नर्स शिकवत असताना त्यांनी ते पेन हातात धरलं, डॉक्टर तुमचा एकेक सांधा दाबून मोजताना त्यांनी पाहिलं, तर फरक पडेल. डॉक्टर जे २८ सांधे मोजतात त्यांतले २२ हातांचे आणि मनगटांचे असतात. म्हणजे या आजाराचं मोजमाप मुख्यतः हातांवरच होतं. तेव्हा ‘फक्त बोटांचंच आहे ना’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा ऐकवा.

औषध आपलं काम करेल, पण हात वापरायचे तुम्हाला आहेत. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना औषधांच्या जोडीला हातांचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम शिकवले, त्यांचे हात वर्षभरानेही इतरांपेक्षा चांगले चालत होते. सुजलेल्या हाताने व्यायाम करायचा नसतो, हा समज म्हणून सोडून द्या. फक्त ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं हातांना जपून कशी करायची ते शिकवणाऱ्यांकडून शिका, भडकलेल्या दिवशी जोर कमी करा. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडमीट केली की ताठरपणाचा तो तास थोडा कमी होतो. खडूला जाड नळीचं आवरण घाला, म्हणजे चिमटीवर कमी जोर येतो. वह्यांचा गठ्ठा बोटांनी उचलू नका, दोन्ही तळव्यांवर घ्या, कोपराशी धरा. टॉवेल पिळण्याऐवजी नळाभोवती गुंडाळून दाबा. रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी लावून बघा. आणि एखाद्या सकाळी करंगळी किंवा शेजारचं बोट, फारसं न दुखता, अचानक सरळच होईनासं झालं, तर वाट बघू नका. बोट सरळ करणारी स्नायूची दोरी तुटलेली असू शकते आणि हाताच्या सर्जनला लवकर दाखवावं लागतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दुखत नाही म्हणून माणसं आठवडे काढतात.

तर, घ्या इंजेक्शन. कुठलं ते विचारून, गोळ्या चुकवल्याचं सांगून घ्या, पण महिने जाऊ देऊ नका. दोन वर्षं म्हणजे उशीर झाला असं समजून हिरमुसू नका. तुमची मूठ तासाभराने का होईना वळते आहे, बोटं सरळ आहेत, आणि जे वाचवायचं ते अजून तुमच्या हातात आहे. आजपासून कॅलेंडरवर रोज एवढंच लिहा, सकाळी मूठ किती वाजता वळली. तीन महिन्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. त्या आकड्यात काहीच फरक नसेल तर औषध बदलायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सहा महिन्यांत डॉक्टरांनी ठरवलेल्या पातळीपर्यंत आजार उतरला नाही तर नक्कीच.

मेथोट्रेक्झेट असेल तर शनिवारची रात्र बहुतेकांना सोयीची पडते. थकवा आला तरी रविवार मिळतो, सोमवारी शाळा. तुमचा वार ठरला की मला कळवा.